लबाडताईंचे एकोणीस चंद्र

सरावाचे सोडले तर मी या वर्षापर्यंत चार चंद्र शोधले आणि चारही लबाडताईंनी बनवलेले निघाले. पहिल्या वेळी मी रडलो होतो. चौथ्या वेळी नुसता चष्मा पुसला.

आमचं काम सांगतो, म्हणजे माझी कीव करायला सोपं जाईल. आकाशात तपकिरी बटू नावाचा एक प्रकार असतो. तारा व्हायला निघाला, पण वजन कमी पडलं म्हणून पेटलाच नाही, आणि ग्रह म्हणावं तर फारच थोराड. असे काही बटू एखाद्या खऱ्या ताऱ्याच्या आश्रयाला राहून त्याच्याभोवती फिरत असतात. आता अशा बटूभोवती आणखी काही फिरत असेल, तर तो चंद्र. तो चंद्र दिसत नाही. दिसायची सोयच नाही, कारण बटू स्वतःच मिणमिणता. मग आम्ही काय करतो, तर बटूचा उजेड पसरवून त्याचे रंग मोजतो. चंद्र फिरताना बटूला थोडं ओढतो, बटू आपल्याकडे किंचित येतो, किंचित मागे जातो आणि त्याच्या उजेडातल्या रेघा तेवढ्याच किंचित इकडेतिकडे सरकतात. हे सरकणं सेकंदाला साठेक मीटर वेगाचं. भरधाव मोटारीच्या दुप्पट म्हणा. ते मोजायचं साठ वर्षं प्रवास करून इथवर आलेल्या उजेडात. मोजताना पृथ्वी सूर्याभोवती पळतेय, स्वतःभोवती गिरकी घेतेय, वरची हवा मध्येच आपल्या रेघा घुसडतेय, हे सगळं वजा करायचं. वजा करून करून जे उरेल ते म्हणजे चंद्र, किंवा मी कुठेतरी केलेली चूक. बहुतेक वेळा चूक.

आता माणूस आठ वर्षं एकच गोष्ट शोधत बसला की त्याला ती दिसायला लागते. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्याकडे एक पद आहे, ते बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. खोटे चंद्र बनवणारी व्यक्ती. डोंगरावरच्या दुर्बिणीतून मोजमापं आली की आमच्या हाती पडायच्या आधी ती या व्यक्तीकडे जातात. ती काही बटूंच्या रेघा गुपचूप हलवून ठेवते, अगदी तिथे चंद्र असल्यासारख्या. कुणाच्या हलवल्या, कुणाच्या नाहीत ते लिहून दर बटूचा वेगळा लिफाफा लाखेने बंद करून ठेवते. आम्ही शोधायचं. सापडलं की लिफाफा फोडायचा. खोटा सापडला तर आमची नजर शाबूत, आणि लिफाफ्यात नसलेला सापडला तर कदाचित खरा. अस्सल मोजमापं दुसऱ्या एका संस्थेत कुलपात असतात. ती उघडायला समिती बसते, समिती बसायला सहा आठवडे लागतात आणि बसल्यावर आधी चहा होतो.

हे पद लबाडताईंचं. हे नाव मीच ठेवलं, आणि त्यांना ते आवडलं. त्यांनी स्वतःच्या मगवर रंगाने लिहून घेतलं.

त्यांना पाहून कुणी म्हणणार नाही की ही बाई पगारी खोटारडी आहे. ठेंगणी मूर्ती, केस कायम एका पिवळ्या पेन्सिलीने वर खोचलेले, खांद्याला कापडी पिशवी. तळघरातल्या त्यांच्या खोलीत खिडकी नव्हती. एक टेबल, संगणकाचे दोन पडदे, एक रबराचं झाड. झाड मी चार वर्षं रोज बघत होतो आणि पाचव्या वर्षी कळलं की प्लास्टिकचं आहे. त्या त्याला दर सोमवारी पाणी घालायच्या, आम्ही बघत असू तेव्हा.

"ताई, हे कशाला?" मी विचारलं.

"तू किती दिवसांनी ओळखतोस ते बघत होते. नोंद आहे माझ्याकडे."

ऑफिसाबाहेर मात्र या बाईला खोटं बोलता येत नसे. शेजारणीने नवे पडदे दाखवले तर "डोळ्यांना त्रास होतो" असं तोंडावर सांगायच्या. साहेबांच्या बायकोने विणलेल्या स्वेटरला "हा कुणासाठी, गळ्यात पट्टा घातलेल्या माणसासाठी का?" असं विचारून आल्या होत्या. मी एकदा म्हटलं, अहो ताई, थोडं सांभाळून घ्यावं माणसाने. तर म्हणाल्या, "खोटं बोलायचा मला पगार मिळतो. घरी फुकट कशाला बोलू?"

आणि खोटं काय बोलायच्या! चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. पहिलं वर्ष सरावाचं होतं. जुनी मोजमापं, खोटे चंद्र, सगळी रंगीत तालीम. त्यात मला एक चंद्र सापडला. लिफाफा फोडला तर त्यात तो नाही! आम्ही नाचलो. केक आणला. मी वडिलांना फोन करून सांगितलं आणि त्यांनी ते त्यांच्या दाढी करणाऱ्यापर्यंत पोहोचवलं. ताई केक खात शांत बसून होत्या, दुसरा तुकडा मागून घेतला. चार दिवसांनी त्यांनी पिशवीतून दुसरा लिफाफा काढला. पहिला लिफाफा फोडल्यावर आम्ही गाफील होतो का, हे बघायचं ठरलं होतं. साहेबांना ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. वडिलांचा दाढी करणारा अजून विचारतो, चंद्राचं काय झालं.

त्यानंतर आम्ही शपथ घेतली की या बाईच्या हातचा लिफाफा असला की विश्वास ठेवायचा नाही. आणि इथे आम्ही सगळ्यांनी मिळून जो गाढवपणा केला, तो जगात आमच्यासारखीच माणसं करू शकतात.

त्याच वर्षाच्या शेवटी ताईंनी ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक लिफाफा ठेवला. आत पत्रिका. ताईंचं लग्न. वय एकोणपन्नास, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, विधुर. शुक्रवारी सकाळी सव्वा अकरा, विवाह नोंदणी कार्यालय, तिसरा मजला, अवश्य यावे.

आम्ही काय केलं? हसलो. जेवणाच्या सुट्टीत पत्रिकेची चिकित्सा केली. लाख तीच, लिफाफा तोच. माझ्या शेजारी बसणारा गणिती म्हणाला, "एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि लिफ्टवाला? थोडं तरी पटेल असं बनवायचं." साहेब म्हणाले, "कोण कोण फसतंय ते बघतील आणि नोंद करतील." मी तर आता दुसरा लिफाफा येणार अशी पैजही लावली. शुक्रवारी आम्ही सगळे अकरा जण आपापल्या खुर्चीत बसून होतो, एकमेकांकडे बघून मिश्कील हसत. आपण कसे शहाणे झालो.

सोमवारी ताई आल्या. टेबलावर एक फोटो. त्यात चौघं. ताई, शेजारी एक उंच गृहस्थ, शर्टाच्या बाहीला वंगणाचा डाग. आणि दोन अनोळखी माणसं, एकाच्या काखेत पावाची पिशवी.

"हे दोघे कोण?" मी डोळा मारत विचारलं.

"त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले होते. ह्यांनी त्यांना सोडवलं, म्हणून पंचवीस मिनिटं उशीर झाला. साक्षीदार कोणी नव्हते, मग त्यांनाच वर नेलं. अकरा चाळीसला सह्या झाल्या."

आम्ही यालाही हसलो. खरंच हसलो. तीन आठवड्यांनी ऑफिसची लिफ्ट बंद पडली, दुरुस्तीला माणूस आला, आणि तो तोच निघाला. बाहीचा डागही तिथेच. तेव्हा कुठे आमची तोंडं उतरली. ताईंचा भाऊ या लग्नावरून आधीच बोलेनासा झाला होता, म्हणजे त्यांच्याकडून येणार होतो ते आम्हीच. माफी कुणीच मागितली नाही. सुरुवात कशी करायची ते सुचेना. एक आठवडा गेला, मग वर्ष गेलं आणि मग फार उशीर झाला असं आम्ही स्वतःलाच सांगून टाकलं. मी त्यांच्या नवऱ्याला तेवढं 'भावजी' म्हणायला लागलो. भरपाई म्हणे.

खरं काम सुरू झालं ते त्याच महिन्यापासून. आठ वर्षं गेली. माझे चार चंद्र आले आणि लिफाफ्यात गेले.

मग या वर्षी सत्तावीस नंबरचा बटू हलायला लागला. सव्वानऊ दिवसांची फेरी, इतकी नेटकी की मला आधी रागच आला. मी हवा वजा केली, पृथ्वी वजा केली, यंत्राचा ताप वजा केला. गणित्याला दिलं, त्याने माझा शत्रू असल्यासारखं तपासलं. हललं नाही. म्हणजे बटू हलत राहिला. साहेब सोमवारी तळघरात आले, सगळ्यांसमोर त्याचा लिफाफा फोडला. सत्तावीसच्या पुढे ताईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'काही नाही'.

कुणी नाचलं नाही. केकचं नावही कुणी काढलं नाही. साहेब ताईंकडे वळले.

"दुसरा लिफाफा?"

"नाही."

"ताई, एकदा झालंय."

"ते तुम्हीच सांगितलं होतं म्हणून झालं. या वेळी नाही. सत्तावीसला मी हात लावलेला नाही."

अडचण अशी होती की शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या दुर्बिणीसाठी अर्ज बंद होणार होते. आमचा चंद्र दुसऱ्या, मोठ्या डोळ्याने बघून घेतल्याशिवाय त्याला जग चंद्र म्हणणार नव्हतं. पुढच्या वर्षी तिथलं रंग मोजणारं यंत्र उतरवणार होते, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आणि अर्जावर साहेबांची सही हवी, की हा आमचाच पेरलेला चंद्र नाही. तो पेरलेला निघाला तर आमची संस्था साऱ्या दुनियेचा विनोद होणार. समितीला सहा आठवडे. शुक्रवारला चार दिवस. मधे उभी एक बाई, जिचा पेशाच खोटं बोलणं.

मंगळवारी साहेब सौम्य झाले, आणि ते जास्त वाईट होतं. "ताई, आठ वर्षांत किती पेरले असतील. एखादा नोंदवायचा राहिला असेल. वय होतं माणसाचं. त्यात कमीपणा नाही."

ताईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मी विसरले?"

"असं होऊ शकतं, इतकंच म्हणतोय."

"खरं बोललेलं विसरता येतं हो. खोटं बोललेलं एकेक लक्षात ठेवावं लागतं."

साहेबांनी सही केली नाही. बुधवारीही नाही. मी स्वतः काय करत होतो? खरं सांगायचं तर मलाही शंका होती. माझा चंद्र, माझी आठ वर्षं, आणि मीच दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन हळू आवाजात विचारलं, "ताई, आपल्यातलं सांगा. खरंच नाही ना?"

 त्या प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालायला उठल्या. बुधवार होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना वरच्या सभागृहात बोलावलं. अकराच्या अकरा आलो. त्यांनी फळ्यावर एक तारीख लिहिली आणि पुढे अकरा चाळीस. मला आधी उलगडा झाला नाही. मग भावजींच्या बाहीवरचा डाग आठवला.

"प्रत्येक कारागीर आपल्या मालावर खूण ठेवतो," ताई म्हणाल्या. "मीही ठेवली. कधी कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली तर माझा एकही चंद्र लपणार नाही. आज सांगते. तुला सापडलेले ते चार घे. या दिवशी या वेळी ते कुठे होते, मांड."

मी मांडलं. मी आकडे सांगितले, गणित्याने टंकलं. पहिला चंद्र त्या वेळी बटूच्या पलीकडच्या बाजूला, आपल्यापासून सगळ्यात लांब. दुसरा पलीकडे. तिसरा पलीकडे. चौथाही.

"आता हे," म्हणून त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. सगळी यादी. आठ वर्षांत पेरलेले एकोणीस. मला चार सापडले होते म्हणजे पंधरा माझ्या नाकाखालून गेले होते, हे मला त्या क्षणी सर्वांसमक्ष कळलं. गणित्याने खोकून हसू लपवलं. एकोणीसच्या एकोणीस चंद्र त्या शुक्रवारी अकरा चाळीसला पलीकडे, बटूच्या आड.

"पण हीच वेळ का?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

आणि इथे ताई अडखळल्या. आठ वर्षं सफाईने थापा मारणारी बाई, वाक्य सुरू करायची आणि सोडून द्यायची. "त्या वेळी... म्हणजे मी पत्रिका... तुम्हा सगळ्यांना..." केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. मग एका दमात म्हणाल्या, "माझं लग्न होतं. कोणी आलं नाही. तुम्हाला वाटलं मी खोटं बोलतेय. मग मी ठरवलं, माझा एकही चंद्र त्या वेळी समोर असणार नाही. सगळे तोंड लपवून."

खोलीत अकरा शहाणी माणसं बसली होती. एकालाही कुठे बघावं ते कळेना. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि मी पंधरा चंद्र हुकवलेला माणूस आहे.

"सत्तावीस मांड," ताई म्हणाल्या.

मांडला. हिशेबात चार-पाच तासांची चूक धरूनही शंका नव्हती. सत्तावीसचा चंद्र पलीकडे नव्हता. अगदी नाकासमोर नाही, जरा बाजूला, पण अलीकडे.

साहेबांनी तो आकडा पुन्हा वाचला. चतुर माणूस. त्यांच्या मनात आलंच असणार की जी बाई खूण ठेवते ती एखाद्या वेळी खूण गाळूही शकते. माझ्याही मनात आलं. पण या बाईला खोटं बोलताना अडखळलेलं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली. एक दिवस आधी.

खूण सांगितल्यावर ताईंचं काम संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता कुठलाही खोटा चंद्र मी जेवणाच्या सुट्टीत ओळखला असता. नव्या माणसाला नवे खोटे चंद्र नव्याने पेरावे लागणार होते. निवृत्तीला वर्ष होतं, ताईंनी ती आधीच घेऊन टाकली. वही साहेबांच्या टेबलावर ठेवली, नाव लिहिलेला तो मग पिशवीत घातला, रबराचं झाड मला दिलं. "सोमवारी पाणी," म्हणाल्या.

शुक्रवारी भावजी त्यांना न्यायला आले. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो, काखेत झाड. आठ वर्षं घशात अडकलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, आणि तेही नको तेवढ्या मोठ्याने.

"ताई, त्या दिवशी मी यायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतंस."

बस, एवढंच. जाऊ दे म्हणाल्या नाहीत. मी सांगितलंच आहे, ऑफिसाबाहेर त्यांना खोटं बोलता येत नाही.

भावजींना कळेना काय चाललंय. ताईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, खुणेबद्दल, एकोणिसांबद्दल. घरी कधी बोलल्या नव्हत्या. ते ऐकत राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे ते एकोणीस तुमच्या ऑफिसवरच गेलेत." मग ताईंना विचारलं, "आणि तो सत्तावीसवाला?"

"तो अलीकडे होता. दिसेल असा."

"पण तू म्हणतेस ना, तिकडचा उजेड इकडे यायला वर्षंच्या वर्षं लागतात?"

"साठ वर्षं."

"साठ वर्षं आधी निघाला होता तो?" भावजींनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. "आणि मी त्याच इमारतीत असून पंचवीस मिनिटं उशिरा."

ताई हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"चला," भावजी त्यांची पिशवी घेत म्हणाले, "आपल्या लग्नाला एक जण तरी न अडकता आला होता."

चंद्र म्हणजे जन्माचा अडकलेलाच असतो, असं अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण लग्नाला न गेलेल्या माणसाने आलेल्या पाहुण्याची उलटतपासणी करू नये.  दोघं जिना उतरून गेली, आणि मी झाड घेऊन परत आत आलो.